घटपर्णीला घट येत नाहीत? कुंडीला हात लावण्याआधी हे तपासा

नर्सरीतून आणली तेव्हा आठ-दहा घट लटकत होते. दीड-दोन महिन्यांत ते एकेक करून वाळले. नवी पानं येतायत, हिरवीगार आहेत, पण पानाच्या टोकाचा ताणा नुसताच लोंबतोय. ठाणे-नवी मुंबईत नेपेंथिस, म्हणजे पानांच्या टोकाला आलेल्या घटांत किडे पकडणारी घटपर्णी, लावणाऱ्या बहुतेकांची तक्रार हीच असते. त्यावर लोक करतात ते दोन उपायही ठरलेले: कुंडी बदलणं आणि खत घालणं. झाड याच दोन गोष्टींनी सर्वांत जास्त मरतं. म्हणून खालचा क्रम पाळा. आधी फुकटच्या तपासण्या आहेत, मग दोन-तीनशे रुपयांच्या, आणि मुळांना हात लावायची वेळ अगदी शेवटी.

आधी लक्षण नीट ओळखा

रुंद हिरव्या पानाच्या टोकातून निघणारा ताणा आणि त्याच्या टोकाचा घट हे सगळं मिळून एकच पान असतं. एका पानाला आयुष्यात एकच घट येतो. ताण्याचं टोक एकदा वाळलं की त्या पानाला पुन्हा घट येत नाही, कितीही लाड करा. त्यामुळे जुन्या पानांकडे बघून काही कळत नाही. लक्ष ठेवायचं ते शेंड्याकडून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर.

त्या पानाच्या ताण्याचं टोक जवळून बघा, जमल्यास मोबाइलचा कॅमेरा लावून. चांगलं टोक हिरवं असतं, त्यावर बारीक तांबूस लव असते, आणि ते वरच्या बाजूला आकड्यासारखं वळायला लागलेलं असतं. आधी जिऱ्याएवढं, मग शेंगदाण्याएवढं, मग चपटं पाकीट, आणि एक दिवस त्यात हवा भरल्यासारखं ते फुगतं. बिघडलेलं टोक जळक्या काडीसारखं दिसतं: तपकिरी, बारीक, बोटात धरलं तर कुरकुरीत.

आता यातलं तुमचं कोणतं ते ठरवा:

- टोक जिऱ्याएवढं असतानाच वाळतं: हवा कोरडी आहे, किंवा गरम वारा लागतोय.
- टोक वाळतंच, शिवाय पानांच्या कडाही तपकिरी होतात: पाण्यातले क्षार.
- टोक हिरवं राहतं, पण महिना-दीड महिना फुगत नाही. पानं लांबुडकी, गडद, लुळी: प्रकाश कमी. पानं गडद पण जाड आणि मोठाली असतील, तर खत जास्त.
- घट फुगतो, पण झाकण उघडण्याआधीच सुरकुततो: मधेच जागा हलवली, किंवा कुंडी एकदा पूर्ण सुकली.
- उघडलेला घट झाकणाकडून खाली वाळत येतो: बहुतेक वेळा नुसतं वय.
- नवं पान वाकडं, आखूड, चिकट. कुंडीभोवती मुंग्या: कीड.
- माध्यम, म्हणजे कुंडीत भरलेलं मिश्रण, ओलं असूनही दुपारी झाड मान टाकतं आणि सकाळपर्यंत सावरत नाही: मुळं.

शेवटच्या दोन लक्षणांसाठी थेट कीड आणि मुळांच्या भागाकडे जा. बाकीच्यांनी पहिल्यापासून सुरुवात करावी.

१. खरंच काही बिघडलंय का?

घट कायम टिकत नाही. काही आठवडे ते काही महिने काम करतो आणि वाळतो. नर्सरीतल्या हरितगृहातून, ऐंशी टक्के आर्द्रतेतून, घोडबंदरच्या बाराव्या मजल्यावर आलेलं झाड जुने घट टाकणारच. त्याला जागा मानवायला सहा ते आठ आठवडे लागतात. या काळात आलेली पहिली दोन-तीन पानं घटाविना गेली तरी हरकत नाही. आणल्याची तारीख कुंडीवर मार्करने लिहा. आठ आठवडे झाले नसतील तर इथेच थांबा. पाणी द्या, जागा हलवू नका, बाकी काही करू नका.

वाळलेला घट पूर्ण तपकिरी होईपर्यंत कापू नका. खालचा अर्धा भाग हिरवा असेल तर तो अजून आतलं पचवतोय. कापायचाच झाला तर ताण्यावर कापा. पान ठेवा, ते झाडाचं अन्न तयार करतं.

आणखी एक: वेल वर चढायला लागली की दोन-चार पानं घटाशिवाय जातात, मग येणारे वरचे घट वेगळ्याच आकाराचे, निमुळते, नरसाळ्यासारखे असतात. फुलोरा आला तरी घट कमी होतात. हा दोष नाही. खालचे गोलसर घटच हवे असतील तर पावसाळ्यात वेल छाटा, बुडातून नवे फुटवे येतील.

२. कुंडी कुठे ठेवलीय?

ही तपासणी फुकटची आहे, आणि निम्म्या गॅलऱ्यांमध्ये दोष इथेच सापडतो.

दुपारी दोन ते चारच्या मधे कुंडीच्या जागी हात धरून दोन मिनिटं उभे राहा. एसीचं बाहेरचं युनिट चालू असेल आणि हाताला गरम झोत लागत असेल, तर पुढचं काही वाचायची गरज नाही. तो झोत कोरडा असतो, आणि ताण्याचं टोक हा झाडाचा सगळ्यांत कोवळा आणि मुळांपासून सगळ्यांत लांबचा भाग. तो सगळ्यांत आधी वाळतो. शेजाऱ्याच्या युनिटचा झोतही तितकाच वाईट, आणि तो पटकन लक्षात येत नाही. घरातला एसी, पंख्याखालची जागा, फ्रिजची मागची बाजू यांनाही हाच नियम.

खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये कुंडी असेल तर मजला बघा. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर झाडांच्या आडोशाला चालून जातं. खाडीकडे तोंड असलेल्या उंच मजल्यावर मात्र वारा दिवसभर ओल ओढून नेतो आणि ताणे एकमेकांवर आपटून मोडतात. कुंडी ग्रिलमधून आत, कठड्याच्या आडोशाला घ्या. मागे दोन-चार मोठ्या पानांची झाडं ठेवा, मनी प्लांट, फर्न, काहीही. एकट्या कुंडीपेक्षा घोळक्यातली कुंडी नेहमी बरी राहते.

उन्हाचा हिशोब दिशेप्रमाणे बदलतो. पूर्वेची गॅलरी उत्तम. सकाळचं तीन-चार तासांचं ऊन झाडाला पचतं. पश्चिमेला मार्च ते मे ५० टक्क्यांची हिरवी शेड नेट हवीच. दक्षिणेच्या गॅलरीत ऑक्टोबर ते फेब्रुवारी सूर्य खाली उतरतो आणि ऊन खोलवर येतं. पावसाळाभर सावलीत राहिलेल्या पानांवर ऑक्टोबर हिटमध्ये पांढरट-तपकिरी चट्टे पडतात ते यामुळे. उत्तरेच्या गॅलरीला साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत थोडं थेट ऊन मिळतं, कारण त्या दिवसांत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. एरवी तिथे दिवा लागतो.

जागा बदलली की ती कायम ठेवा. टोक शेंगदाण्याएवढं असताना रोज कुंडी फिरवली, उन्हात-सावलीत ने-आण केली, तर घट सुरकुततोच.

३. हवेतली ओल

आर्द्रता मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो कुंडीच्या शेजारी, सावलीत ठेवा आणि आठवडाभर दुपारी तीनचा आकडा लिहा. सकाळचा आकडा फसवा असतो.

मुंबईची हवा दमट असते, मग कोरडेपणा कुठला, असं वाटतं. पावसाळ्यात प्रश्न नाहीच. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचे वारे सुटतात, पारा चाळिशीकडे जातो आणि दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली येऊ शकते. असे दोन-तीन दिवस पुरतात. त्या आठवड्यात तयार होत असलेली सगळी टोकं जातात. झाडाला मात्र काही होत नाही, म्हणून कारण लक्षात येत नाही. महिनाभराने वाळलेली टोकं दिसतात आणि दोष पाण्यावर जातो.

दुपारचा आकडा ६० च्या वर असेल तर पुढच्या तपासणीकडे जा. ४५ ते ६० च्या मधे असेल तर व्हेंट्राटासारखा काटक संकर घट धरतो, नाजूक जाती धरत नाहीत. ४५ च्या खाली असेल तर उपाय करा.

स्प्रे बाटलीने दिवसातून चार वेळा फवारणं हा उपाय नव्हे. फवारल्यावर आकडा दहा-पंधरा मिनिटं वर जातो, मग जिथल्या तिथे. टिकणारे उपाय असे: लहान रोप असेल तर पारदर्शक पिशवीला पाच-सहा भोकं पाडून ती काड्यांच्या आधाराने वर उलटी घाला, पण थेट उन्हात अजिबात नको, आत झाड शिजतं. दोन फुटी जुनी फिशटँक असेल तर तिच्या तळाशी खडी आणि बोटभर पाणी, त्यावर जाळी, जाळीवर कुंड्या, आणि काचेचं झाकण अर्धंच. मोठं झाड असेल तर ते घोळक्यात ठेवा आणि जमिनीवर ओलं गोणपाट टाका.

पाण्याची ताटली ठेवली असेल तर दोन कारणांनी ती काढा. एक म्हणजे नेपेंथिसला पाय पाण्यात नको असतात. दुसरं, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, आणि पावसाळ्यात महापालिकेचे लोक तपासणीला येतात ते नेमक्या कुंड्यांखालच्या ताटल्याच बघतात. फिशटँकमधलं पाणीही दर चार दिवसांनी बदला.

४. पाणी

इथे घाई करू नका. क्षारांचा दोष हळूहळू साचतो, आणि दिसायला लागेपर्यंत दोन-तीन महिने गेलेले असतात.

नेपेंथिस मूळची अशा मातीतली, जिथून पाऊस सगळे क्षार धुऊन नेतो. म्हणून तर तिने किडे खायला सुरुवात केली. तिच्या मुळांना क्षारांची सवय नाही. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, घ्या. हायग्रोमीटरइतकाच स्वस्त असतो. तुम्ही जे पाणी घालता ते मोजा. ५० पीपीएमच्या खाली असेल तर उत्तम, १०० पर्यंत चालतं, २०० च्या पुढचं पाणी कुंडीत घालू नये.

धरणाचं महापालिकेचं पाणी या हिशोबात बहुधा बसतं. घोळ होतो तो सोसायटीच्या टाकीत. एप्रिल-मेमध्ये पाणीकपात आली की टँकर येतात, बोअरचं पाणी मिसळलं जातं, आणि नळाला येणारं पाणी तेच दिसत असलं तरी आकडा दुप्पट-चौपट होतो. म्हणून एकदा मोजून भागत नाही. उन्हाळ्यात आठवड्याला मोजा, टँकर आला की त्या दिवशी मोजा. टाकी धुऊन ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवून मग वापरा. क्लोरीन उडतो, पण क्षार उडत नाहीत. उकळूनही टीडीएस फारसा कमी होत नाही, उलट पाणी आटलं तर वाढतो.

आरओचं पाणी चांगलं, पण दोन गोष्टी तपासा. एक: बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी खनिजं परत मिसळतात, त्यामुळे पिण्याच्या नळाचा आकडाही ८०-१५० येऊ शकतो. दोन: बाजूच्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडांना घालायची आपल्याकडे पद्धत आहे. तुळस, जास्वंद ते सहन करतात, पण नेपेंथिसला ते पाणी म्हणजे विष. त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात.

एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतलीच वाफ असते, त्यामुळे आकडा खूप कमी येतो आणि ते वापरता येतं. फक्त एसीची सर्व्हिसिंग झाल्यावर पुढचे चार-पाच दिवस ते घेऊ नका, कॉइल धुतलेलं रसायन त्यात उतरतं. पावसाचं पाणी सर्वांत चांगलं. जूनच्या पहिल्या दोन-तीन सरी सोडून द्या, पत्र्यावरची वर्षभराची धूळ त्यात असते. मग झाकणाच्या ड्रममध्ये साठवा आणि झाकण घट्ट ठेवा.

घालायचं पाणी चांगलं निघालं तरी कुंडीत काय साचलंय ते बघायचं राहतं. कुंडी टबवर धरा, वरून सावकाश पाणी घाला आणि तळातून निघणारं पहिलं अर्धा कप पाणी मोजा. आत घातलेलं ६० आणि बाहेर निघालेलं ३५० असेल, तर कुंडीत क्षार आहेत. आता कुंडीच्या आकाराच्या तिप्पट पाणी, म्हणजे दोन लिटरची कुंडी असेल तर सहा लिटर, हळूहळू वरून सोडा. शेवटी निघणारं पाणी १०० च्या आसपास आलं की पुरे. उन्हाळ्यात हे महिन्याला एकदा करा. धुऊन काढलेल्या झाडाची आधीची टोकं परत येत नाहीत. सुधारणा तिसऱ्या नव्या पानाला दिसते.

पाणी किती द्यायचं? कुंडीतल्या मॉसचा (शेवाळाचा) वरचा थर बोटाला ओलसर लागेनासा झाला आणि कुंडी उचलल्यावर हलकी वाटली की वरून भरपूर, तळातून निघेपर्यंत. उन्हाळ्यात एक-दोन दिवसांआड, पावसाळ्यात आडोशाला असेल तर चार-पाच दिवसांनी. आठवड्याभरासाठी गावी जाताना कुंडी पाण्याच्या टबात ठेवून जाऊ नका; खाली सावलीत घ्या आणि शेजारच्या काकूंना मोजून सांगा.

५. प्रकाश

दुपारी बाराच्या सुमारास पानांवर फूटभर उंचीवर हात धरा. हाताची सावली स्पष्ट, कडा ठसठशीत असेल तर प्रकाश पुरेसा आहे. सावली पुसट असेल तर जेमतेम. सावलीच पडत नसेल तर तिथे झाड जगेल, पण घट धरणार नाही. घट बनवायला झाडाला बराच खर्च येतो, आणि तेवढी कमाई नसेल तर झाड आधी घट बंद करतं.

पानांचा रंगही सांगतो. भरपूर प्रकाशातल्या पानावर हलकी पिवळसर किंवा तांबूस झाक असते, पान आखूड आणि कडक असतं. लोकांना गडद हिरवं पान निरोगी वाटतं. इथे ते अंधाराचं लक्षण आहे.

ज्यांच्या इमारतीसमोर दुसरी इमारत उभी आहे, त्यांनी दिवा लावावा. जांभळ्या रंगाचे महागडे ग्रो लाइट लागत नाहीत. दोन फुटी, १०-२० वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी पट्ट्या, ६५०० केल्विनच्या, पानांपासून वीत-सव्वा वीत उंचीवर, दिवसाला १२ तास, टायमर लावून. जुलै-ऑगस्टमध्ये सलग ढग असतात तेव्हा एरवी चांगल्या असलेल्या गॅलरीतही ताणे नुसते लोंबतात. त्यावर दिवा लावा किंवा सप्टेंबरची वाट बघा, दोन्ही चालतं.

६. खाणं आणि खत

कुंडीत शेणखत, गांडूळखत, युरिया, डीएपी, चहाची पूड, तांदूळ धुतलेलं पाणी यातलं काहीही घातलं असेल तर चौथ्या भागातल्यासारखं धुऊन काढा. मुळांतून नायट्रोजन मिळाला की झाडाला किडे पकडायची गरज उरत नाही. पानं दांडगी होतात आणि घट बंद.

खाऊ घालायचंच असेल तर उघडलेल्या घटात महिन्याला एखादा मेलेला छोटा किडा किंवा झुरळाचं पिल्लू, बस. मोठं झुरळ, चिकन, पनीर घातलं तर आत सडतं आणि घट मधूनच काळा पडतो. गॅलरीतलं झाड मुंग्या स्वतःच पकडतं. आणताना घटातलं पाणी सांडलं असेल तर पाव भाग स्वच्छ कमी-टीडीएसचं पाणी घाला. काठोकाठ भरू नका.

७. कीड

भिंगाने पानाच्या मागची बाजू, ताण्याचा सांधा आणि शेंड्याची घडी बघा. कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर पिठ्या ढेकूण. खोडाला तपकिरी, नखाने निघणाऱ्या टिकल्या चिकटल्या असतील तर खवले कीड. पानावर फिकट ठिपके आणि मागे बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी, आणि तो बहुधा मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेतच. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर कीड आहेच असं समजून शोधा. मुंग्या तिच्या गोड चिकट्यासाठी तिला सांभाळतात.

पिठ्या आणि खवले यांना ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला इअरबड लावा, दर पाचव्या दिवशी, चार वेळा. एकदाच पुसून सोडलं तर अंड्यांतून पुन्हा निघतात. कोळ्याला बाथरूममध्ये नेऊन पानांच्या मागून पाण्याचा जोराचा फवारा, एक दिवसाआड, पाच-सहा वेळा. हवा दमट झाली की तो कमी होतोच. कडुलिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी आपल्याकडे सगळ्यावर मारतात, पण नेपेंथिसची पानं, त्यातही कोवळी, तेलाने भाजतात. मारायचंच असेल तर एका जुन्या पानावर मारून तीन दिवस थांबा.

बांधकामाच्या धुळीचा पांढरा थर कीड नव्हे, पण प्रकाश अडवतो. ओल्या मऊ फडक्याने पुसून टाका.

८. माध्यम आणि मुळं

माध्यम ओलं असूनही झाड मान टाकत असेल तर थेट मुळं बघा. एरवी, इथपर्यंतचं सगळं बरोबर असेल आणि तरी तीन नवी पानं घटाशिवाय गेली असतील, तरच कुंडीला हात लावा. तेही जूनअखेर ते ऑगस्टमध्ये. मार्च ते मे कुंडी बदलणं म्हणजे कोरड्या हवेत मुळं तोडणं. झाड दोन महिने मागे जातं.

कुंडीत लाल माती दिसली तर दुसरं कारण शोधू नका. ती घट्ट बसते, हवा अडवते आणि मुळं गुदमरतात. नुसत्या कोकोपीटमध्येही (नारळाच्या काथ्याच्या भुशातही) तोच त्रास, शिवाय न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ असतं. ठोकळा भिजवल्यावर निथळलेलं पाणी मोजा. हजाराच्या पुढचे आकडे सहज येतात. ते १०० च्या खाली येईपर्यंत पाणी बदलत धुवावं लागतं.

चालणारं मिश्रण: लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस दोन भाग, पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) एक भाग, धुतलेले कोको चिप्स (नारळाच्या सोडणाचे तुकडे) एक भाग. मॉस परवडत नसेल तर कोको चिप्स दोन भाग, पर्लाइट एक, कोळशाचे बारीक तुकडे अर्धा. मॉस दाबून भरू नका. कुंडीत बोट सहज जायला हवं. कुंडी प्लास्टिकची, तळाला सात-आठ भोकं असलेली. मातीची कुंडी उन्हाळ्यात फार लवकर सुकते आणि तिच्या भिंतीत क्षार साचतात.

आता मुळं. नेपेंथिसची निरोगी मुळं मुळातच काळी-तपकिरी आणि बारीक असतात. काळी दिसली म्हणून सडली समजून कापून टाकणारे पुष्कळ. रंग बघू नका, दाबून बघा. निरोगी मूळ तारेसारखं टणक लागतं आणि टोक फिकट असतं. सडलेलं मूळ बोटात पिचतं, साल सुटून आत दोरा उरतो, आणि कुंडीला गटारासारखा वास येतो. सडलेला भाग निर्जंतुक कात्रीने कापा, झाडाची पानंही एक-तृतीयांश कमी करा, नव्या मिश्रणात लावून वर भोकाची पिशवी घाला आणि तीन-चार आठवडे सावलीत ठेवा. निरोगी मुळंही ओढली की तुटतात, त्यामुळे जुनं मॉस ओढून काढू नका. सैल होऊन पडेल तेवढंच पडू द्या.

बुडापासून खोड काळं आणि मऊ होत वर चढत असेल तर झाड वाचवायच्या नादात वेळ घालवू नका. वरचा हिरवा, टणक भाग दोन-तीन पेरांचे तुकडे करून मॉसमध्ये लावा, पानं अर्धी कापून. ठाण्याच्या पावसाळ्यात त्यातले बरेच रुजतात, दीड-दोन महिन्यांत.

९. जातच इथली आहे का?

ही तपासणी खरं तर खरेदीआधीची. व्हेंट्राटा, मिरांडा, मिराबिलिस, अँप्युलारिया, रॅफ्लेसियाना या सखल, उष्ण प्रदेशातल्या जाती किंवा सोसणारे संकर; इथे जमतात. राजा, लोवी, हमाटा, व्हिलोसा या डोंगरमाथ्यावरच्या. त्यांना रात्री १०-१५ अंशांपर्यंत उतरणारा गारवा लागतो आणि मे महिन्यात आपली रात्रच २७-२८ अंशांची. खारघर किंवा येऊरच्या पायथ्याशी राहिलात तरी त्यात काही फरक पडत नाही. फोटोला भुलून घेऊ नका.

आपल्या देशातली एकमेव नेपेंथिस म्हणजे मेघालयातली खासियाना. गारो भाषेत तिला मेमांग-कोक्सी, सैतानाची टोपली, म्हणतात. ती इथे बऱ्यापैकी तग धरते. पण ती धोक्यात आलेली, कायद्याने संरक्षित जात आहे, तेव्हा रोप बियांपासून किंवा प्रयोगशाळेत वाढवलेलं आहे का आणि कागदपत्रं आहेत का हे विचारूनच घ्या.

घट ताण्याला न लटकता जमिनीतूनच तुताऱ्यांसारखे सरळ उभे असतील तर तुमच्याकडे सारासेनिया आहे. ती अमेरिकेतली, तिला कडक ऊन आणि हिवाळ्याची थंड झोप लागते. वरचं पाणी आणि माध्यमाबद्दलचं बरंचसं तिला लागू होतं, बाकी नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

दिव्याच्या पट्ट्या गॅलरीत पावसाचे शिंतोडे येतात तिथे लावायच्या असतील, किंवा पट्टीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मेन बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. बाहेरच्या प्लगला झाकण, अर्थिंग आणि गळती झाल्यास सप्लाय तोडणारा स्विच हे त्याचं काम आहे, एक्स्टेंशन बोर्डाचं नाही.

कीड अल्कोहोलच्या चार फेऱ्यांनंतर तिसऱ्यांदा परतली, किंवा सगळ्या कुंड्यांत पसरली, तर दुकानातून हाताला येईल ते कीटकनाशक आणून बंद गॅलरीत मारू नका. घरात लहान मूल, मांजर किंवा माशांची टाकी असेल तर अजिबातच नाही. परवाना असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा आणि ही झाडं शोभेची आहेत, तेलात विरघळलेलं औषध चालणार नाही, हे आधीच सांगा.

टाकीतल्या पाण्याचा आकडा पाचशेच्या पुढे टिकून राहिला तर तो कुंडीचा प्रश्न राहिला नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. तेच पाणी घरातही येतंय.

पानांवर लाल-काळे गोल डाग आठवड्यागणिक वाढत असतील, किंवा मुळांवर गाठी दिसत असतील, तर अंदाजाने बुरशीनाशक मारत बसू नका. ठाणे आणि रायगड हे दोन्ही जिल्हे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. वनस्पती रोगशास्त्राच्या तज्ज्ञांना दाखवा. नेताना डाग नुकताच सुरू झालेलं एक पान आणि पूर्ण डागाळलेलं एक पान अशी दोन पानं वेगवेगळ्या कागदात गुंडाळून न्या, प्लास्टिकच्या पिशवीत नको, घाम धरून वाटेतच सडतात. मुळं न्यायची असतील तर मूठभर माध्यमासकट. सोबत कागदावर तीन आकडे लिहा: पाण्याचा टीडीएस, निथळलेल्या पाण्याचा टीडीएस आणि दुपारी तीनची आर्द्रता.